चौकटीतलं ‘नाही’

९ मार्च १९५१, शुक्रवार

रद्द! कायदाच रद्द!

दुपारी सिडनी रेडिओवर सांगितलं. मी स्कोन थापत होते, हात पिठात. तशीच धावत सुटले. उतार उतरून थेट खाणीच्या फाटकाशी. तिथे पोचल्यावर लक्षात आलं— ॲप्रन अंगावर, पायांत घरातल्या सपाता. भोंगा व्हायला वेळ होता. उभी राहिले एकटीच, हसत. पहारेकरी म्हणाला, “काय मिसेस पॅस्को, लॉटरी लागली का?” म्हटलं, “त्याहून मोठी!”

माझा क्लेम खाणीतून वर आला. काळाकुट्ट, नुसते डोळे तेवढे चमकत होते. सांगितलं— सगळ्यात वरच्या कोर्टानं कायदा मोडीत काढला, सातातल्या सहा न्यायाधीशांनी. बाकीची माणसं ओरडायला लागली, टोप्या उडवल्या. क्लेमनं माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, “ऊना, स्कोन करपले असतील बघ.”

करपतात कसले, भट्टीत घातलेच नव्हते!

घरी येऊन परत पीठ मळलं. मळता मळता रडू आलं. गेल्या ऑक्टोबरपासून हा कायदा डोक्यावर टांगलेला होता. कम्युनिस्ट पक्ष बेकायदा. सरकारनं नुसतं बोट दाखवायचं— हा कम्युनिस्ट— आणि आपण नाही हे त्या माणसानं शाबीत करायचं! क्लेमला शाबीत करण्यासारखं काही नाहीच, तो आहेच. खाणीतल्या युनियनचं चिटणीसपद गेलं असतं. पक्षाचं काम करताना सापडला तर पाच वर्षं तुरुंग.

आज रात्री झोप लागेल.


११ मार्च, रविवार

लागली. इतकी, की लॉर्नानं उठवलं. “आई, चॅपलला कोण वाजवणार ऑर्गन, पोप?”

क्लेम चॅपलला, आमच्या छोट्या प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरात, येत नाही. बावीस वर्षांत लग्नाला आणि लॉर्नाच्या नामकरणाला, बस्स. तो देव मानत नाही, मी पक्ष मानत नाही. चाललंय.


१४ मार्च

पोलीस सार्जंट मोल स्वतः येऊन पुस्तकं परत देऊन गेला. ऑक्टोबरच्या झडतीत नेलेली. त्यात क्लेमचं मधमाश्या पाळायचं पुस्तकही होतं! त्या दिवशी शहरातून आलेल्या साहेबानं ते चाळलं, मधल्या एका पानावर थबकला— ‘जुनी राणी काढून टाकण्याची योग्य वेळ’— आणि पिशवीत टाकलं. क्लेम म्हणाला होता, “साहेब, माश्यांचं आहे ते.” साहेब म्हणाला, “ते आम्ही ठरवू.”

आज मोल दारात लाजून उभा. म्हणाला, “मी वाचलं ते. छान आहे. बायको विचारत होती, एखादं पोळं मिळेल का.” दिलं. मधानं बोटं चिकट करून गेला.


२९ एप्रिल, रविवार

निवडणूक झाली. सरकार तेच परत. पंतप्रधान म्हणतात, कोर्ट अडवत असेल तर घटनाच बदलू— लोकांना विचारू.

क्लेमनं रेडिओ बंद केला. माश्यांकडे गेला.


५ जुलै

सार्वमत होणार. आता नक्की. सप्टेंबरमध्ये. मतपत्रिकेवर एक चौकट, तिच्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. ‘हो’ जिंकलं तर सरकारला हवा तसा कायदा करता येईल, मग कोर्टही काही करू शकणार नाही.

पेपरात अंदाज छापलाय, दहातले आठ ‘हो’ म्हणणार. दहातले आठ! आमच्या गल्लीत घरं मोजत बसले— कोण कोण ते आठ? मग स्वतःचीच लाज वाटली आणि पडदा ओढून घेतला.




१५ जुलै, रविवार

आज मी देवाच्या घरात लबाडी केली.

क्लेमला पुस्तकं पुरायची होती. विकनं सांगितलंय सगळ्यांना. (हा विक म्हणजे सिडनीहून येणारा पक्षाचा माणूस. येतो, जेवतो, ‘कॉम्रेड, असं करा, कॉम्रेड, तसं करा’ सांगून पाचच्या गाडीनं जातो. ताट उचलत नाही.) आमच्या घरामागे चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या खिडक्या. रात्री कंदील घेऊन खणावं तर अख्ख्या गावाला दिसेल. म्हणून ठरलं— रविवारी सकाळी, सगळे प्रार्थनेला असताना. पुस्तकं मेणकापडात गुंडाळून दुधाच्या दोन कॅनमध्ये, कॅन खड्ड्यात, वर कोंबड्यांचं खुराडं सरकवायचं.

क्लेम म्हणाला, “जमीन खडकाळ आहे. वेळ लागेल. तू जरा लांबव.”

लांबवलं! प्रवचन लवकर आटोपलं, ऐन वेळी! मग शेवटच्या गीताची सगळी कडवी घेतली, जी कुणी घेत नाही तीही. लोक उठले तरी मी वाजवतेच आहे. संपलं की परत पहिल्यापासून. दारात मिस्टर ट्रेवेना घड्याळ बघतायत— ते चॅपलचे विश्वस्त, लोखंडी सामानाचं दुकान त्यांचं. ऑर्गन वाजत असताना निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे आपले उभे. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “ऊना, आज तुझ्या बोटांत साक्षात आत्मा उतरला होता गं.”

घरी आले तर क्लेम मातीनं माखून पायरीवर बसलेला. “झालं?” “झालं.” दोघंही खूप हसलो. लॉर्ना नाही हसली. म्हणाली, “पुस्तकं पुरायची वेळ आणणारी पुस्तकं घरात आणायचीच कशाला? तुम्ही निवडलंत बाबा, मी नाही निवडलं.” आणि खोलीत गेली.

एकोणीस वर्षांची आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून वर्ष होत आलं. सरकारी नोकरी, या महिन्यात कायम व्हायची होती. ‘सार्वमत होऊ दे, मग बघू’ असं उत्तर मिळालंय तिला. काय चुकलं तिचं?


१६ जुलै

एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. शेजारच्या मिसेस हेफर्नन कॅथलिक. त्यांची प्रार्थना सकाळी लवकर आटोपते! म्हणजे काल त्या घरी होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत. खुराड्याच्या अगदी समोर.

आणि त्यांचा मुलगा डेस ‘हो’वाल्यांचा म्होरक्या. घरोघर फिरतो, छातीवर बिल्ला लावून.

क्लेमला सांगितलं नाही.


१७ जुलै

मिसेस हेफर्नन कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, “कोंबड्या अंडी देतात का?”

“देतात की.”

“हं.” आणि गेल्या.


१८ जुलै

कोंबड्या अंडी देत नाहीत.


७ ऑगस्ट, मंगळवार

मिस्टर ट्रेवेना आले होते. टोपी हातात, गुडघ्यावर गोल गोल फिरवत. चहा घेतला नाही. ज्याला वाईट बोलायचं असतं तो चहा घेत नाही.

“ऊना, लोक बोलतात.”

“लोक बोलतातच, मिस्टर ट्रेवेना.”

“क्लेमचं सगळ्यांना माहीतच आहे. पण ऑर्गनवर बसणारी व्यक्ती… विश्वस्त मंडळाला एवढंच हवंय की तू रविवारी उठून एक वाक्य बोलावंस. की तू कम्युनिस्ट नाहीस. बस. आम्हाला माहीतच आहे तू नाहीस!”

“माहीत आहे तर विचारता कशाला?”

“सांगून टाकलंस की विषय संपला.”

मी त्यांच्याकडे बघत बसले. या माणसाच्या आईच्या अंत्ययात्रेला मी वाजवलं होतं. चौदा वर्षं वाजवतेय, एक रविवार चुकला नाही— लॉर्नाला गोवर आला तेव्हाचा सोडून. आणि उत्तर इतकं सोपं! मी नाही. कधीच नव्हते. विकचं ताट घासताना तर मुळीच नसते! जिभेवर आलं होतं.

पण म्हटलं, “मी नाही सांगणार.”

“का गं?”

का ते त्यांना नीट सांगता आलं नाही. चिडून एवढंच म्हटलं, “आज मी ‘नाही’ म्हणेन. पुढच्या आठवड्यात तुम्ही चॅपलमधल्या त्या धाकट्या मिसेस रो-ला उभं कराल, तिचा भाऊ युनियनमध्ये आहे म्हणून. एकेकीला उभं करत जाल.”

म्हणाले, मग सार्वमत होईपर्यंत ऑर्गनला कुलूप. माझ्यासाठी.

ते गेल्यावर उरलेला चहा ओतून टाकला. इतका राग मला येतो हे माहीत नव्हतं.


७ ऑगस्ट, पुढे

संध्याकाळी क्लेमची पाठ घासताना सांगितलं. टबात बसला होता, पाणी शाईसारखं. मग म्हणाला, “सांगून टाक ना. खरंच आहे ते.”

“खरं आहे म्हणूनच नाही सांगणार. खोटं असतं तर भिऊन कदाचित सांगितलं असतं.”

मान वळवून बघायला लागला. “तुला इतका आवडतो ऑर्गन.”

“पाठ पुढे कर.”

“ऊना, माझ्यामुळे—”

“तुझ्यामुळे नाही! सगळं काय तुझ्याचमुळे होतं?”

हल्ली तो गप्प गप्प असतो. पूर्वी बंबाजवळ बसून पक्षाचा पेपर मोठ्यानं वाचायचा, मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. आता तो पेपर तसाच घडीत पडतो, मी चुलीला लावते. घाबरलाय बिचारा. कबूल करणार नाही.


१२ ऑगस्ट, रविवार

घरी बसले. खिडकीतून चॅपलचं गाणं ऐकू आलं— ऑर्गनशिवाय. दुसऱ्या कडव्यालाच सूर घसरला. बरं वाटलं. देवा, क्षमा कर, फारच बरं वाटलं.


२० ऑगस्ट

रिकामे हात चालत नाहीत मला. युनियनच्या ऑफिसातून ‘नाही’ची पत्रकं उचलली आणि निघाले. क्लेमला न विचारता. विक आला होता, म्हणाला, “कॉम्रेड ऊना, शाबास!” म्हटलं, “मी तुमची कॉम्रेड नाही, आणि दार ओढून घ्या जाताना.”

दारोदार एकच बोलते. “माझा नवरा कम्युनिस्ट आहे. मी कोण आहे ते सांगणार नाही, कारण तुम्ही कोण आहात हे मीही विचारत नाहीये. ‘हो’ म्हटलंत तर उद्या कुणीतरी विचारेल.”

तीन दारं तोंडावर आपटली. एकीनं कुत्रा सोडला, पण कुत्रा मला ओळखतो— शेपूट हलवत फाटकापर्यंत सोडायला आला! डोंगराखाली राहणारा म्हातारा ऑबर्ट म्हणाला, “क्लेमचा पक्ष मला दोन डोळ्यांनी बघवत नाही. एकोणपन्नासला त्यांनी पुकारलेल्या खाणीच्या संपानं माझी सगळी शिल्लक खाल्ली.”

“म्हणजे तुम्ही ‘हो’.”

“कशाला? कायदा कशाला हवा? शनिवारी पबमध्ये त्याला मीच झापतो, समोरासमोर. तुरुंगात टाकला तर मी झापू कुणाला?”

पत्रक घेतलं. चष्मा नाही म्हणून मलाच वाचायला लावलं.


२ सप्टेंबर, रविवार

आज जेवताना लॉर्नानं सुरी-काटा खाली ठेवला.

म्हणाली, जुलैमध्ये एक साहेब एक्स्चेंजवर आला होता. नाव सांगितलं नाही, वहीवर सही केली नाही. तिला बाजूला बोलावलं. “युनियनच्या ऑफिसात फोन येतात. जोडणी तूच करतेस. कोण काय बोलतं ते आम्हाला कळवत जा. मग तुझं कायम व्हायचं कामही मार्गी लागेल.”

क्लेमचा हात बटाट्याच्या वाडग्यावर तसाच राहिला.

“मग तू काय म्हणालीस?” मी.

“मी म्हटलं, कामावर लागताना शपथ घेतलीय— लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, ऐकलं तर सांगायचं नाही. मिसेस हेफर्ननचं पायांचं दुखणं मी कुणाला सांगत नाही, तर बाबांचं कशाला सांगू?”

“आणि मला नाही सांगितलंस? दीड महिना?”

“बाबांवर रागावले होते ना!” आणि रडायलाच लागली. “अजून आहे. पण म्हणून काय मी—”

क्लेम उठला, टेबलाला वळसा घालून तिच्यामागे गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मटण गार झालं. कुणाचं लक्ष नव्हतं.


९ सप्टेंबर

लॉर्ना पत्रकं वाटायला आली माझ्याबरोबर! गल्लीची दुसरी बाजू तिनं घेतली. माझ्यापेक्षा जास्त खपवली. हसरं तोंड आहे ना.

पेपर म्हणतो, आता दहातले आठ नाहीत. सहा.


१५ सप्टेंबर

गावच्या हॉलमध्ये सभा. डेस हेफर्नन बोलला. वाईट मुलगा नाही. पोटतिडकीनं बोलतो— पोलंडमध्ये कम्युनिस्ट पाद्र्यांना धरतात, हंगेरीत धरतात. खरं असेल ते. मग म्हणाला, “म्हणून इथे त्यांना आपण आधी धरायचं.”

मागून म्हातारा ऑबर्ट ओरडला, “म्हणजे त्यांच्यासारखंच की रे!”

हशा पिकला. डेस लाल झाला. क्लेमकडे बघितलं मी— तो हसत नव्हता. डेसकडे टक लावून बघत होता, जसं काही पक्षाबद्दलची तीच शंका याच्याही मनात आहे.


२१ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या.

काही सुचत नाही. सगळ्या खिडक्या पुसून काढल्या.


२२ सप्टेंबर, शनिवार

मत दिलं. शाळेत, पहिलीच्या वर्गात. बाक इतके बुटके, की गुडघे हनुवटीला. पेन्सिल दोरीला बांधलेली. चौकटीत लिहिलं— नाही. अक्षर इतकं मोठं आलं की चौकटीबाहेर जायला लागलं. घाबरले, बाद करतील म्हणून!

फाटकाच्या एका बाजूला क्लेम, दुसऱ्या बाजूला डेस. दोघांच्या हातांत पत्रकं. सकाळपासून एकमेकांकडे पाठ. दुपारी गार वारा सुटला. तीनला जाऊन बघते तर डेस क्लेमच्या थर्मासमधला चहा पितोय!

“काय रे, शत्रूचा चहा?”

डेस म्हणाला, “मिसेस पॅस्को, साखर जास्त घालता तुम्ही.” क्लेम म्हणाला, “मी दोन वर्षांपासून सांगतोय तिला.”

चॅपलच्या बायकांनी केकचं टेबल मांडलं होतं. मला बोलावलं नव्हतं. तरी जाऊन खोबऱ्यात घोळवलेला एक लॅमिंग्टन केक घेतला, पैसे ठेवले, तिथेच उभी राहून सगळा खाल्ला. खोबरं कोरडं होतं.

आता रेडिओ लावून बसलोय. कधी हे पुढे, कधी ते. क्वीन्सलँड राज्य ‘हो’कडे गेलं. क्लेम बाहेर पायरीवर जाऊन बसलाय. मला नाही बघवत त्याची पाठ.


२३ सप्टेंबर, रविवार

‘नाही’ पुढे आहे. थोडंसंच. मोजणी चालू. मी विश्वास ठेवणार नाही.


२५ सप्टेंबर

अजून पुढे! तरी नाही ठेवणार.


२७ सप्टेंबर

ठेवला! जिंकलो! देशभर मिळून ‘नाही’ जास्त. थोडक्यात, अगदी केसाच्या अंतरानं, पण जास्त! आमच्या राज्यातही ‘नाही’. बंदी नाही. कुणी उठून बोट दाखवणार नाही. कुणाला काही शाबीत करायचं नाही.

काय करू कळेना. धुतलेल्या चादरी परत धुतल्या. दोरीवर घालताना वाऱ्यानं एक चादर तोंडावर आली आणि मी तिच्या आतच उभी राहिले. साबणाचा वास, ऊन. श्वास घेतला. किती महिन्यांनी पोट भरून श्वास घेतला!

“ऊना!” कुंपणापलीकडून. मिसेस हेफर्नन, हातात वाडगं. वाडग्यात सहा अंडी.

“तुझ्या कोंबड्या जुलैपासून बंद आहेत, ठाऊक आहे मला. खुराडं हलवलं की अंडी थांबतात. रविवारी, भर सकाळी, अख्खं खुराडं! तुझा नवरा खाणीत काम करतो की सर्कशीत? चार मैलांवरून ऐकू येईल असा कुदळीचा आवाज!”

“तुम्ही… डेसला…?”

“डेसला काय सांगायचं? की शेजारी खड्डा खणतात? मी नातवाला घेऊन मुद्दाम पुढच्या अंगणात बसले, म्हटलं इकडे कुणी फिरकायला नको.” मग इकडेतिकडे बघून हळूच, “मी ‘नाही’ लिहिलं. डेसला कळलं तर जेवणार नाही आठवडाभर.”

“पण मिसेस हेफर्नन, तुम्ही तर…”

“हे बघ पोरी. तुझा नवरा देवाला मानत नाही, त्याचं देव बघून घेईल. ते काम पोलिसांना कुणी दिलं? माझ्या आईकडे, आयर्लंडला, इंग्रज शिपाई यायचे. घरात कोण राहतं, कुणाला मानतं, काय वाचतं विचारायचे. आजोबा म्हणायचे, इथे म्हातारा राहतो, त्याला संधिवात आहे, आणि तो आपल्या बायकोला मानतो. यापलीकडे एक अक्षर नाही. एवढ्यावरून त्यांना एकदा नेलं होतं.” वाडगं माझ्या हातात कोंबलं. “वाडगं परत दे. कान तुटलेला असला तरी माझ्या आईचं आहे.”

चादरीसकट मिठी मारली मी त्यांना, कुंपणावरून. ओरडल्या, “अगं अंडी! अंडी!”


३० सप्टेंबर, रविवार

कॅन उकरले. या वेळी भर दुपारी, सगळ्यांदेखत. एका कॅनमध्ये पाणी शिरलं होतं, पुस्तकं फुगून पावासारखी झालीत. क्लेमनं ती उन्हात मांडली. लॉर्ना एकेक पान सोडवत होती. “बाबा, हे कुणी वाचतं तरी का?” तो म्हणाला, “मी वाचलंय. शेवट ठीक नाही.” हसली. खूप दिवसांनी बापलेक हसताना बघितले.


३ ऑक्टोबर

लॉर्ना कायम झाली! सुपरवायझर बाई म्हणाली, “आधीच करायला हवं होतं, माझे हात बांधलेले होते.” त्या बिननावाच्या साहेबाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जाऊ दे. आज नवे बूट घेऊन आली, दिवसभर घरात टाकटाक चालतेय.


६ ऑक्टोबर

मिस्टर ट्रेवेना. या वेळी चहा घेतला. दोन कप. स्कोनही.

“ऑर्गनवर धूळ बसलीय, ऊना.”

“पुसायला कुलूप उघडावं लागेल.”

“उघडलंय.” टोपी परत फिरायला लागली. “वाईट हेतू नव्हता आमचा.”

“मी उत्तर अजूनही देणार नाहीये, मिस्टर ट्रेवेना. आधीच सांगते.”

टोपी थांबली. मग म्हणाले, “विचारत नाहीये मी.” आणि टोपी बाजूला ठेवून, “विचारायलाच नको होतं.”

तिसरा कप ओतला त्यांना.


७ ऑक्टोबर, रविवार

वाजवलं. पहिल्या सुराला बोटं अडखळली, मग धावत सुटली. सगळे मोठ्यानं गायले, बहुतेक लाजेनं. मला चालतं! शेवटी दार उघडं होतं आणि बाहेर चिंचोळ्या सावलीत कुणीतरी टोपी हातात घेऊन उभं होतं. क्लेम! आत नाही आला. घरी जाताना विचारलं तर म्हणाला, “पोळ्यांकडे चाललो होतो.” माश्यांची पोळी डोंगराच्या बाजूला आहेत. चॅपल समुद्राच्या.


१७ ऑक्टोबर, बुधवार

क्लेम सभेहून लवकर आला. टेबलाशी बसला, म्हणाला, “ऊना, पक्ष सोडला मी आज.”

मी मटार सोलत होते. शेंग हातात तशीच.

“एकोणपन्नासच्या संपापासून सोडायचा होता. घराघरातली चूल विझली होती आणि सिडनीहून हुकूम येत होते— ताणा, अजून ताणा. विकला म्हटलं, पोरं उपाशी आहेत. म्हणाला, इतिहास बघ. तेव्हाच मनातून सुटला. पण मग झडत्या आल्या, कायदा आला. तेव्हा सोडला असता तर भ्यालो म्हणून सोडला असता. युनियन सोडत नाहीये. फक्त पक्ष.” टेबलावर दोन्ही हात पसरले, हलके झाल्यासारखे. “आता बंदी नाही. आता स्वतःच्या मनानं सोडता येतो.”

“दोन वर्षं! आणि मी दारोदार फिरले, कुत्रा अंगावर घेतला, ऑर्गन घालवला— ते कशासाठी मग?”

“यासाठीच, ऊना,” म्हणाला.